तिसऱ्या डब्यातली साखर

बिदरजवळच्या नौबादच्या त्या गल्लीत मुकुंदरावांच्या हातचा चहा लोकांना एकदाच मिळाला, आणि तो चावून प्यावा लागला.

रविवारची सकाळ होती. मुकुंदरावांच्या मातोश्री नलिनीबाई देवळात गेलेल्या आणि बायको सुमतीबाई मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. शेजारचे अंकुशराव पेपर मागायच्या निमित्तानं येऊन टेकले. अंकुशराव हे तसे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार, पण गल्लीतल्या बातम्यांचे ठोक व्यापारी म्हणूनच जास्त नावाजलेले. मुकुंदराव म्हणाले, बसा, आज मीच टाकतो चहा. आणि ते आत गेले.

फळीवर डबे ओळीनं मांडलेले. पहिल्यात चहापूड, दुसऱ्यात रवा, तिसऱ्यात साखर. लग्न झाल्यापासून हीच मांडणी. मुकुंदरावांनी न बघता पहिल्या डब्यात चमचा घातला, मग तिसऱ्यात. पण त्याच सकाळी सुमतीबाईंनी शेवयांचा नवा डबा भरून चहापुडीच्या शेजारी ठेवला होता आणि पुढची ओळ एकेक घर सरकली होती. तिसऱ्यात आता रवा होता.

अंकुशरावांनी घोट घेतला, जिभेनं चाचपून बघितला आणि कप खाली ठेवत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "झकास झालाय, पंत. फोडणी तेवढी द्यायची राहिली."

सुमतीबाई ओल्या हातानं आत आल्या. पातेल्यात डोकावल्या. हसू दाबून म्हणाल्या, "अहो, दर डब्यावर चिठ्ठी डकवलीय की. नाव वाचून घ्यायचं."

"नाव कामून वाचायचं? तिसरा म्हणजे तिसरा. डबा हलवला कुणी ते सांग आधी."

गल्लीला चार दिवस पुरेल एवढं हसू त्या पातेल्यातून निघालं. पुढं जे झालं तेही अगदी असंच झालं. फक्त तेव्हा फळीवर डब्यांच्या जागी माणसं होती, आणि हसणारे थोडे होते.

मुकुंदराव साधे गृहस्थ. शर्टाची वरची गुंडी लावणारे. साल होतं एकोणनव्वद, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कचेरीत तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याला थंडगार खोली होती, दाराशी चपला काढून आत जावं लागायचं, आणि पहिल्या दिवशी यंत्राला हळदीकुंकू लावताना कुंकू फटीतून आत सांडलं म्हणून मुकुंदरावांनी शिपायाला असं झापलं होतं की तो महिनाभर त्या दाराकडं फिरकला नाही. हैदराबादेत राहून मुकुंदराव हे काम शिकून आले होते. बिदरात तेव्हा हे येणारा दुसरा माणूस कुणी दाखवा म्हणावं. त्यामुळं त्यांना नोकरीपेक्षाही मान मोठा होता. बाजारात भाजीवालीसुद्धा म्हणायची, हे मशिनवाले साहेब.

त्या यंत्राचं काम कसं चालायचं हे मुकुंदराव कुणालाही सांगायला तयार असायचे, आणि अंकुशरावांनी तर ते दहादा ऐकलं होतं. यंत्राच्या पोटात माणसांच्या ओळी असतात. ओळीत रकाने असतात. निजामाच्या वेळचे कारकून त्याला खाना म्हणत, शाळामास्तर रकाना म्हणतात, मुकुंदराव कॉलम म्हणायचे. यंत्राला विचारलं की ते एकेक ओळ तुमच्या हातात देतं. आता त्या ओळीतलं हवं ते उचलायच्या रीती दोन. एक, रकान्याचं नाव घेऊन मागायचं, नाव दे, गाव दे. दुसरी, नुसता आकडा सांगायचा, दुसरा दे, तिसरा दे. नाव घेतलं की यंत्र आधी त्या नावाचा रकाना कुठं आहे ते शोधतं, मग देतं. आकडा सांगितला की हात थेट तिथंच जातो. हैदराबादेत यंत्रासमोर बसायला मिनिटं मोजून मिळायची, तिथं मुकुंदरावांच्या या आकड्यांच्या झपाट्याचं कौतुक झालं होतं. त्यांच्या गुरूंनी म्हणे पाठ थोपटली होती. तेव्हापासून नाव घेऊन मागणं म्हणजे त्यांच्या लेखी म्हाताऱ्यांचं काम झालं.

"पण रकाने हलले तर?" अंकुशरावांनी एकदा विचारलं होतं. त्यांना अजून तो चहा आठवत होता.

"हलतील कसे? मी बसलोय की तिथं," मुकुंदराव म्हणाले होते.

आकड्याची ही आवड त्यांना यंत्रानं लावली असं मात्र म्हणता येत नाही. त्यांचे वडील हुमनाबादेत तहसिलीत कारकून होते. घरात पाच मुलगे. वडिलांना नावं घेऊन हाका मारायचा कंटाळा, म्हणून ते एक नंबर, दोन नंबर म्हणायचे. मुकुंदराव तीन नंबर. मग थोरला विहिरीत पोहायला गेला तो परत आला नाही. सुतक फिटल्यावर एका संध्याकाळी वडिलांनी ओसरीवरून हाक मारली, दोन नंबर, पाणी आण. मुकुंद जागचा हलला नाही, कारण दोन नंबर म्हणजे त्याच्या वरचा भाऊ. तोही हलला नाही, कारण त्याला आदल्या दिवशीच एक नंबर करण्यात आलं होतं. मुकुंदच्या कानाखाली बसली तेव्हा त्याला कळलं की तो सरकला आहे. नलिनीबाई हे अजूनही सांगतात आणि सांगताना थोरल्याचं नाव घेतात. घरात आता ते नाव घेणाऱ्या त्या एकट्याच.

असल्या घरातल्या माणसानं बायकोला नावानं हाक मारावी अशी कुणी अपेक्षाही केली नसेल. लग्नात रीतीप्रमाणं ताटात तांदूळ पसरले, आणि मुकुंदरावांनी अंगठीनं त्यात नाव कोरलं, सुमती. दुबलगुंडीच्या रामाचार्यांची कुसुम त्या तांदळात संपली. चार बायका म्हणाल्या, अक्षर सुरेख आहे. नंतर ते तांदूळ डब्यात गेले आणि नावही बहुधा त्यांच्याबरोबरच गेलं, कारण मुकुंदरावांनी ते पुन्हा कधी उच्चारलं नाही. ऐकलं का, अगं ए, आणि कचेरीत कुणी विचारलं तर आमच्या घरचे. सुमतीबाईही त्यांचं नाव घेत नसत, पण त्यांच्या बाजूनं ती रीत होती. त्यांचा हट्ट एवढाच होता की डब्यांवर चिठ्ठ्या पाहिजेत.

सुमतीबाई शिक्षिका. मराठी शाळेत. आणि त्यांची शाळा औरादच्या बाजूला, पार आडगावात. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एसटीनं निघायचं, दिवेलागणीला नौबादेत पोचायचं, रविवारी धुणं, भांडी, सासूबाईंचं न्हाणं, आठवड्याचं पीठ, आणि सोमवारी पहाटे पुन्हा एसटी. मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, होईल कसं, रविवार तर धुण्यात जातो. हे त्या सुमतीबाईंच्या तोंडावरही म्हणायच्या, आणि सुमतीबाई पिळलेली चादर झटकून म्हणायच्या, व्हय, व्हय, ऊन पण रविवारीच असतं ना.

त्यांना दुसरं काही नको होतं. नौबादला बदली. आपल्या घरात आठवडाभर राहायला मिळावं, सोमवारी सकाळी आपल्याच चुलीवर चहा व्हावा, बस्स. त्या वर्षी नियमही निघाला होता की नवराबायको दोघं नोकरीत असतील तर बाईला नवऱ्याच्या गावी आणावं. आणि त्या बदल्यांची यादी यंत्रावर निघणार होती. म्हणजे मुकुंदरावांच्या हातून. गल्ली म्हणाली, सुमतीबाई, तुमचं काम तर घरातच झालं की. मुकुंदरावांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, इथं वशिला चालत नाही. यंत्र नियम बघतं. पण एका रविवारी त्यांनी बायकोसाठी शाळेपर्यंत सायकल घ्यावी की काय याची चौकशी अंकुशरावांकडं केली होती, आणि अंकुशरावांनी ती गल्लीभर केली.

यादीत सगळ्या बायकाच. ओळीत पहिला रकाना नंबर, दुसरा नाव, तिसरा मागितलेलं गाव. मुकुंदरावांचा प्रोग्रॅम ठरलेला. पहिला घे, दुसरा घे, तिसरा घे, आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत हुकूम छाप. अमुक बाईंनी तमुक गावच्या शाळेत रुजू व्हावं. आटोपशीर. ओळी टाइप करायला रत्नम्मा होती. रोजंदारीवरची, चुणचुणीत पोरगी, बोटं कांडपयंत्रासारखी चालणारी.

ऐन वेळी वरून कागद आला. पुष्कळ बायांची जुनी नोकरीची पुस्तकं लग्नाआधीच्या नावावर होती, तेव्हा ताळा जुळावा म्हणून यादीत माहेरचं नाव आणि माहेरचं गाव पण घाला. रत्नम्मा मुकुंदरावांच्या टेबलाशी आली तेव्हा तिथं गुलबर्ग्याहून आलेली चार मंडळी यंत्र बघत उभी होती आणि मुकुंदराव त्यांना आकड्यांचा झपाटा समजावत होते.

"सर, साहेब दोन खाने वाढवा म्हणालेत. माहेरचं नाव, माहेरचं गाव. नंबरच्या पुढं घालू का?"

"घाल, घाल," मुकुंदराव म्हणाले. तिच्याकडं न बघता.

रत्नम्मानं घातले. नंबरच्या पुढं माहेरचं नाव, त्याच्या पुढं माहेरचं गाव, मग आत्ताचं नाव, मग मागितलेलं गाव. आणि प्रोग्रॅमनं नेहमीसारखा न बघता चमचा घातला. दुसरा घे, तिसरा घे.

हुकूम छापून निघाले. साहेब लिंगराज यांनी गठ्ठ्यावर सह्या केल्या. त्यांना दिसलं ते बरोबरच होतं. बायांची नावं, आणि गावं. नाव माहेरचं आणि गावही माहेरचं हे त्यांना कळायला ते काही प्रत्येकीच्या लग्नाला गेले नव्हते.

मग आठवडाभर जिल्ह्यात जे चाललं त्याचं वर्णन अंकुशरावांच्या तोंडून ऐकावं. शोभाबाई म्हणून एक शिक्षिका होत्या, भावजयांशी भांडून तिथल्या पाण्याला शिवणार नाही म्हणून माहेर सोडलेल्या. त्यांना हुकूम, मन्नाएखेळ्ळीत रुजू व्हा. भावजयांनी म्हणे रिकामा हंडा दारात ठेवला. एकीला झहिराबादला पाठवलं, दुसरीला उदगीरला. म्हणजे आंध्र आणि महाराष्ट्र दोन्हीकडं कर्नाटकातल्या कचेरीनं बदल्या करून टाकल्या. एका म्हाताऱ्या बाईंचा नवरा हुकूम घेऊन कचेरीत आला आणि विचारू लागला की पोरं वाढवून, सुना आणून झाल्यावर सरकारनं बायको माहेरी कामून धाडली, तिनं काय अपराध केला. अंकुशराव हे सगळं मांडी थापटत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, यंत्रानं एका रात्रीत सगळ्या जिल्ह्याची नांदती घरं मोडली.

शाळेला सुट्टी होती म्हणून सुमतीबाई घरीच होत्या, त्यांचा हुकूम नौबादच्या पत्त्यावर आला. कुसुम रामाचार्य, दुबलगुंडी. त्यांनी तो दोनदा वाचला. मग हसल्या. त्यांना वाटलं, चूक आहे, आणि चूक काढणारा माणूस घरातच आहे. संध्याकाळी मुकुंदराव आले तसा त्यांनी कागद पुढं केला. "हे बघा. तुमच्या मशिननं मला सोडचिठ्ठी दिलीय."

मुकुंदराव हसले नाहीत. ते दुपारीच समजून चुकले होते. यंत्रासमोर बसून त्यांनी यादी उघडली होती, रकाने बघितले होते, आणि त्यांच्या कानशिलात अशी झिणझिण उठली होती जशी ओसरीवर एकदा उठली होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि अर्ध्या तासात प्रोग्रॅम बदलला. आता तो आकडा सांगत नव्हता. नाव घेऊन मागत होता. आत्ताचं नाव दे, मागितलेलं गाव दे. रकाने कुठंही हलवा, त्याला आता फरक पडणार नव्हता. एवढं साधं काम होतं.

दुसऱ्या दिवशी लिंगराज साहेबांनी बोलावलं. साहेब रागावले नव्हते, उलट त्यांनी कॉफी मागवली. त्यांनी दोन वाटा पुढं ठेवल्या. प्रोग्रॅम चुकला असं मुकुंदरावांनी लिहून द्यावं, म्हणजे सगळाच गठ्ठा रद्द करून नवे हुकूम काढता येतील, शाळा सुरू व्हायला वेळ आहे. किंवा टायपिंग चुकलं असं लिहावं, म्हणजे मग उदगीर-झहिराबादसारखे उघड अशक्य हुकूम तेवढे रद्द होतील, बाकीच्यांनी एकेकीनं अर्ज करावा, त्यांचं बघू, पुढच्या वर्षी.

मुकुंदरावांना कायम करण्याचा कागद तेव्हा वर गेला होता. पण खरं सांगायचं तर तो कागद त्यांच्या डोळ्यांपुढं नव्हताच. डोळ्यांपुढं होती ती भाजीवाली, गुलबर्ग्याची चार माणसं, आणि अंकुशराव. विशेषतः अंकुशराव. रव्याचा चहा आणि हा गठ्ठा हे दोन्ही एकत्र करून तो माणूस जन्मभर गल्लीला पुरवेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"खाने शेवटी घालायला पाहिजे होते," ते म्हणाले. "मधे घातले. टायपिंगचीच चूक आहे."

त्यांनी तसं लिहून दिलं. रत्नम्माची रोजंदारी त्याच आठवड्यात बंद झाली.

रत्नम्मा भांडायला आली नाही. ती रविवारी आली, सुमतीबाईंना भेटायला, हातात चार लिंबं घेऊन. मुकुंदराव आतल्या खोलीत होते. त्यांनी तिचा आवाज ओळखला आणि पेपर चेहऱ्यासमोर धरला. पेपर परवाचा होता. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत म्हणाली की अक्का, तुम्हाला माहेरी धाडलं ते मी न्हाई. मी सरांना विचारून घातलं. ते घाल घाल म्हणाले. चार माणसं होती तिथं. एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून आले.

सुमतीबाईंनी तिला चहा दिला. साखरेचा. ती गेल्यावर त्यांनी लिंबं धुतली, पुसली, टोपलीत ठेवली, आणि मग आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिनं विचारलं होतं?"

मुकुंदराव पेपर खाली न घेता म्हणाले की कचेरीत दिवसभर हजार माणसं हजार गोष्टी विचारतात.

"उद्या साहेबाकडं जा आणि आपली चूक म्हणा. ती पोर परत येईल. मी पण इथं राहीन. अजून वेळ आहे."

"एका वर्षाचा प्रश्न आहे. अर्ज दे. पुढच्या वर्षी नाव निघेल."

"कुणाचं?" सुमतीबाईंनी विचारलं.

पेपर जरासा खाली आला आणि पुन्हा वर गेला. पेपराच्या पलीकडून त्यांची पावलं गेल्याचा आवाज येईपर्यंत मुकुंदरावांनी पान उलटलं नाही.

जूनमध्ये त्या दुबलगुंडीला रुजू झाल्या. जाताना त्यांनी सासूबाईंच्या पाया पडून औषधाच्या बाटल्यांवरही चिठ्ठ्या डकवल्या. सकाळची, रात्रीची, पोट दुखलं तर. मुकुंदराव स्टँडवर सोडायला गेले. पेटी वर टाकली. बस निघताना ते म्हणाले, "ऐकलं का, शनिवारी ये."

पहिले दोन शनिवार त्या आल्या. मग पावसानं रस्ता खराब झाला म्हणाल्या. मग वडिलांना बरं नव्हतं. मग कारण कळवणंही थांबलं. संक्रांतीला नलिनीबाईंना पत्र आलं, तिळगूळ पाठवलाय, माझ्याकडं तिसरी दिलीय, पोरं गोड आहेत. मुकुंदरावांसाठी त्यात एक ओळ होती, की त्यांनी चहात साखर कमी घ्यावी. अंकुशरावांना ती ओळ कशी कळली देव जाणे, पण गल्लीत ती आठवडाभर फिरली.

दुबलगुंडीच्या बाजूनं येणारे लोक सांगायचे की त्या मजेत आहेत. तिथं त्यांना कुणी सुमतीबाई म्हणत नाही. हुकूमच कुसुम नावावर होता, शाळेच्या हजेरीबुकातही तेच चढलं. गाव तर आधीपासून कुसुमच म्हणत होतं. लहानपणी त्यांच्याबरोबर बोरं वेचणारी कुणी राजूबाई रोज संध्याकाळी ओसरीवरून नाव घेऊन ओरडते, आणि या जिथं असतील तिथून ओ देतात. मुकुंदरावांना हे सांगताना लोक जरा जपूनच सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, तब्येत बरी आहे ना.

वर्ष फिरलं. बदल्यांची नवी यादी या वेळी शाळा सुरू झाल्यावर आली. आता टायपिंगला दुसरा माणूस होता, संथ आणि चुका करणारा. मुकुंदरावांनी एका दुपारी दार लावून प्रोग्रॅम चालवला. नुसत्या एका ओळीसाठी. आत्ताचं नाव दे. यंत्रानं दिलं, सुमती. माहेरचं गाव दे. दिलं. मागितलेलं गाव दे.

पडद्यावर काही आलं नाही. त्यांना वाटलं, पुन्हा काही सरकलं. त्यांनी रकाने तपासले. सगळं जागेवर होतं. प्रोग्रॅम बरोबर नाव घेऊन बरोबर रकान्यात गेला होता आणि तो रकाना रिकामा होता. सुमतीबाईंनी मागितलंच नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी ते दुबलगुंडीला गेले. रजा घेऊन, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. यादी बंद व्हायला अजून अवकाश होता. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं की अर्ज भर, मी स्वतः बघतो. आणखीही काही सांगायचं होतं. हुमनाबादपासून पुढं सगळ्या वाटेवर त्यांचे ओठ हलत होते, असं त्याच बसनं गेलेल्या एका ओळखीच्या माणसानं नंतर सांगितलं.

शाळा भरलेली होती. फाटकाशी राघोबा शिपाई बसला होता. त्यानं विचारलं, कोण पाहिजे.

"बाई पाहिजेत."

"बाई तिघी हायत. कोणत्या? नाव सांगा."

मुकुंदराव थांबले. एक नाव त्यांनी तांदळात लिहिलं होतं, ते इथं कुणाला माहीत नव्हतं. दुसरं इथं सगळ्या गावाला माहीत होतं, आणि ते त्यांनीच पुसलं होतं. आमच्या घरचे म्हणावं तर कुठल्या घरचे, असं हा माणूस विचारणार. राघोबा वाट बघत होता. त्याला घाई नव्हती, पण त्याच्या डोळ्यांत आता जरा संशय आला होता, हा माणूस कोण म्हणून.

"तिसरीच्या," मुकुंदराव म्हणाले. "तिसरीच्या बाईंना बोलवा."

राघोबा आत गेला. मुकुंदरावांनी खिशातला रुमाल काढून चेहरा पुसला, घडी घातली, परत ठेवला. वऱ्हांड्यातून बाई आल्या. पदर खोचलेल्या, हाताला खडू. तिशीच्या असतील.

"मी निलम्मा. तिसरी माझ्याकडंच हाय. तुमचं मूल कोणतं?"

जूनमध्ये तिसरीची पोरं चौथीत गेली होती आणि त्यांच्या बाई त्यांच्याबरोबर वर चढल्या होत्या. हे मुकुंदरावांना कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं कारणही नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "चुकून आलो."

निलम्मानं त्यांच्याकडं निरखून बघितलं आणि ती परत वर्गात गेली. राघोबा जागेवर येऊन बसला. पलीकडच्या खोलीतून हजेरी चाललेली ऐकू येत होती. त्या बाजूच्या बहुतेक शाळांत तेव्हा आकडे पुकारायचे, एक, दोन, तीन, आणि पोरं हजर म्हणायची. इथं बाई नावं घेत होत्या. पुरं नाव, मग थांबणं, मग एखादा बारीक आवाज, हजर बाई. आवाज ओळखीचा होता. खरं म्हणजे मुकुंदरावांनी तो इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. हजेरी संपेस्तोवर ते फाटकाशी उभे राहिले. एखाद्या नावाला उत्तर आलं नाही की बाई तेच नाव पुन्हा घ्यायच्या, जरा मोठ्यानं, आणि वाट बघायच्या.

मग त्यांनी राघोबाला बिदरच्या बसची वेळ विचारली.

दिवेलागणीला ते नौबादेत उतरले. अंकुशराव दारातच खुर्ची टाकून बसले होते, जणू दिवसभर तिथंच होते, आणि बहुधा होतेच.

"काय पंत, भेटल्या का वहिनी?"

मुकुंदराव कडी काढत होते. "तिसरीला आता दुसऱ्या बाई आहेत," ते म्हणाले.

अंकुशराव खुर्चीत पुढं सरकले. त्यांच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलं होतं, चहाबद्दलच असावं, पण ते त्यांनी गिळलं. आणि आयुष्यात एकदाच, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग नाव सांगून बोलवायचं होतं की हो."

मुकुंदराव आत गेले आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.